पंखाखालची अगरबत्ती

आमच्या घरी दसऱ्याला एक जीप, एक शिलाई मशीन आणि एक विमान यांची पूजा होते. जीप बाबांची आहे, मशीन आईचं आहे. विमान आमचं नाही.

ते मॅडमचं आहे. मॅडम म्हणजे मला उडायला शिकवणाऱ्या बाई. आयुष्यभर लोकांना विमान चालवायला शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि मूल गावाच्या पुढे, वडिलांच्या शेतात, धानाच्या काही बांध्या (भातखाचरं) सपाट करून त्यांनी गवताची धावपट्टी केली. दोन्ही बाजूंना धान, एका टोकाला बोडी (आमच्याकडचं छोटं तळं) आणि दुसऱ्या टोकाला सागाची झाडं. म्हणजे अंदाज चुकला तर भिजायचं की अडकायचं, एवढी निवड तुमच्या हातात! विमान दोन माणसांचं, कापडी अंगाचं, पिवळं. त्याचं तिसरं चाक पुढे नसून शेपटीखाली आहे, त्यामुळे जमिनीवर ते नाक वर करून बसतं, रुसलेल्या जावयासारखं.

त्या दसऱ्याला माझं सगळं पुढचं आयुष्य बाबांच्या एका ‘हो’वर अडकलं होतं. गुजरातमधल्या एका फ्लाइंग क्लबनं मला नोकरी देऊ केली होती आणि संध्याकाळपर्यंत फोन करून उत्तर द्यायचं होतं. शिष्यवृत्तीवर मी वैमानिक झाले हे बाबांना मान्य होतं, कारण ते होऊन गेलं होतं. पण पोरीनं एवढ्या दूर जाऊन रोज उडायचं?

“मी सोता बसून पाहीन,” बाबा म्हणाले. “पटलं तं हो. नाई पटलं तं नाई.”

“बसा ना, बाबा. काहीच भीती नाही.”

“मले एवढंच सांग, वर ब्रेक कुठी असते?”

बाबा चंद्रपूर ते गडचिरोली सवारी जीप चालवतात. त्यांच्या दृष्टीनं जगात दोनच प्रकारची वाहनं आहेत: ब्रेक लागणारी आणि दुसऱ्यांची. मी त्यांना नीट समजावून सांगू शकले असते. पण माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं. तिथे मला परवानगी मागायला फार सुंदर शिकवलं, नकार द्यायला किंवा वाद घालायला कोणी शिकवलं नाही. घरात कोणी काहीही म्हटलं तरी माझ्या तोंडून ‘बरं’ निघतं. (मनात मी अतिशय सडेतोड आहे. तिथे कोणी येत नाही, एवढीच अडचण.)

तर ठरलं असं की दसऱ्याच्या सकाळी बाबा, आई आणि आत्या जीपनं येतील, बाबांना मी एक चक्कर मारून आणीन आणि मग बाबा निकाल देतील. मी पहाटेच मोटारसायकलनं पोचले, विमान पुसलं, तपासलं, पुन्हा पुसलं. जीप आली. बाबा आणि आई उतरले. मग आणखी उतरले. मग आणखी! पुरी भरल्याशिवाय जीप हलवायची नाही, हा बाबांचा धंद्याचा नियम रक्तात भिनलेला. स्वतःच्या मुलीची परीक्षा घ्यायला निघाले, तरी स्टँडवर उभं राहून त्यांनी सवाऱ्या भरल्या. शेजारचे घड्याळवाले रफीक चाचा आले, आईच्या शिवणक्लासच्या चार बायका आल्या, आणि मूलला उतरणारे एक अनोळखी आजोबा आले, जे विमानाचं नाव ऐकून मूलला उतरलेच नाहीत.

सगळ्यांत शेवटी आत्या उतरली. तिच्या हातात पूजेचं ताट होतं.

आत्या बाबांची मोठी बहीण. स्टँडवर सगळे ज्यांना ‘भाऊ’ म्हणतात त्या बाबांना जगात ती एकटीच ‘गुड्डू’ म्हणते. दसऱ्याला चाक असलेल्या कोणत्याही वस्तूची पूजा केल्याशिवाय ती हलू देत नाही. एकदा तिनं गॅस सिलिंडरवाल्याची हातगाडी अडवून ठेवली होती.

“पिंके, नारळ कुठी फोडू?” तिनं विचारलं आणि विमानाच्या नाकाकडे पाहिलं.

“आत्या, नाकावर नको! पंखा आहे तो!”

“मंग शेपटीवर?”

“शेपटी कापडाची आहे, आत्या.”

“अव माय! कापडाची?” आत्या आईकडे वळली. “हे तं तूच शिवून देली असती!”

नारळ शेवटी जीपच्या बंपरवर फुटला. झेंडूचा हार मी पंख्यावरून उतरवून जीपवर घातला. चाकांखाली लिंबं ठेवली गेली, शेपटीच्या चाकाखालीही एक. मॅडम हँगरच्या दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी बारा महिन्यांत वाचायला शिकले होते. त्यावर लिहिलं होतं: ‘तुझे पाहुणे, तू निस्तर.’

आता पूजा झाली, तर उडण्याआधी वैमानिकानं विमानाभोवती एक चक्कर मारून सगळं पुन्हा तपासायचं असतं. पंख, दोऱ्या, चाकं, सगळं हातानं चाचपून. मी नाकापासून सुरुवात केली. डाव्या पंखाखाली वाकले आणि सरळ झाले तर मागे पावलांचा आवाज. वळून पाहिलं. आत्या हात जोडून माझ्यामागे, तिच्यामागे आई, मग शिवणक्लास, रफीक चाचा, आणि शेवटी अनोळखी आजोबा, टोपी काढून! त्यांना वाटलं मी प्रदक्षिणा घालतेय.

एवढे लोक मागून चालताना कोणतीही शहाणी मुलगी थांबून सांगेल, ‘अहो, ही तपासणी आहे.’ मी वेग वाढवला. रांगेनंही वाढवला. शेपटीपाशी तर आम्ही जवळजवळ धावत होतो. तपासलं मी सगळं, खोटं कशाला सांगू. पण मी तपासलेल्या गोष्टींचं मागून येणारे लोक काय करतायत, हे बघायला मी वळलेच नाही. तोंड लाल झालं होतं ना!

बाबांना पुढच्या खुर्चीत बसवलं. या विमानात पाहुणा पुढे आणि चालवणारा मागे बसतो. (हे ऐकूनच बाबांचा अर्धा विश्वास उडाला.) चालवायच्या दांड्या आणि पायातले पेडल मात्र दोघांनाही असतात. दोघांच्या कानांवर हेडफोन. मॅडमनी हातानं पंखा फिरवला, इंजिन सुरू झालं, लिंबं चिरडली, टाळ्या पडल्या. मी पट्टीच्या टोकाकडे निघाले.

इथे एक सांगायला हवं. शेपटीवर बसलेल्या विमानाचं नाक एवढं वर असतं की समोरचं काही दिसत नाही. त्यातून मी मागे. मला समोर दिसत होतं ते बाबांचं, दसऱ्यानिमित्त तेल लावलेलं डोकं. म्हणून जमिनीवर जाताना थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं वळत वळत, बाजूनं डोकावत जावं लागतं. ही पद्धतच आहे.

“पिंके,” हेडफोनमधून बाबांचा आवाज आला, “गाडी सरळ काऊन नाई चालवून राह्यली?”

“बाबा, समोरचं दिसत नाही ना, म्हणून.”

बाबांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली. उत्तर खरं होतं, पण ते ऐकून धीर यावा असं नव्हतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

टोकाला पोचून मी वळले आणि इंजिनाला पूर्ण जोर दिला. शेपटी उचलली गेली. विमान धावू लागलं. या वेळी वेगाचा काटा हलायला हवा. हलला नाही, तर तिथेच थांबायचं. पण काटा पुढच्या फळीवर, आणि फळी आणि माझ्यामध्ये बाबांचं डोकं! मी उजवीकडे झुकले, डोकं उजवीकडे. डावीकडे झुकले, डोकं डावीकडे. शेवटी विमान हलकं झालं, गवत सुटलं, सागाची झाडं पायाखालून गेली, आणि तेव्हा बाबा खाली बघायला वाकले.

काटा शून्यावर होता.

विमान वेगावर तरंगतं. वेग कमी पडला तर ते पडतं. म्हणून त्या काट्यावर वैमानिकाचा जीव असतो. माझा जीव पार बोडीत जाऊन पडला.

“पिंके,” बाबा म्हणाले, “हा मीटर बंद हाये का?”

“...हो बाबा.”

“अस्सं!” बाबांचा आवाज एकदम खुलला. “मंग काय झालं? माह्या जीपचा बी बंदच हाये. मी तं आवाजावर चालवतो.” आणि घरातून निघाल्यापासून पहिल्यांदाच ते पाठ टेकून आरामात बसले.

मागे मी मात्र घामानं चिंब. मग मला वास आला. चंदनाचा. दारातून मी डाव्या पंखाकडे पाहिलं. पंखाखाली एक बारीक नळी असते, तोंड पुढे करून. समोरून येणारी हवा तिच्यात शिरते आणि त्यावरून काट्याला वेग कळतो. त्या नळीच्या तोंडातून एक काडी बाहेर आली होती.

मी रेडिओचं बटण दाबलं. खाली मॅडमच्या हातात दुसरा रेडिओ होता.

“मॅडम, वेगाचा काटा बंद आहे. नळीत अगरबत्ती आहे.”

शांतता.

“पुन्हा सांग.”

“अगरबत्ती, मॅडम.”

मॅडम अगदी थंडपणे म्हणाल्या, “हे मी आजवर ऐकलं नव्हतं. थांब, विचारते.” आणि त्यांनी आयुष्यातली पहिली चूक केली. विचारताना रेडिओ आत्याच्या तोंडाजवळ नेला. आत्यानं तो घेतलाच!

“पिंके! विझली का व?”

“आत्या, ती तिथे का लावलीस?”

“मंग कुठी लावू? जीपमंदी बी समोर जागा असते ना! म्हटलं इथी बी कंपनीनं बरोब्बर भोक देल्लं!”

आता रेडिओची एक गंमत असते. एकानं बटण दाबून धरलं की तोच बोलतो. बाकी कोणाचं काही ऐकू येत नाही. आत्यानं बटण जे धरलं, ते सोडलंच नाही. मॅडम मला काय सांगत होत्या ते देव जाणे. माझ्या आणि बाबांच्या कानात मात्र खालची अख्खी जत्रा वाजत होती.

“याले लहानपणी झोक्यावर बी भेव लागे,” आत्या सांगत होती. “माय त्याले बांधून बसवे. गुड्डू रडे, आन् खालच्या पोराइले गोळ्या वाटून सांगे, झोका थांबवा!”

“भाऊ? अपने भाऊ?” रफीक चाचांचा आवाज.

“अव बाई,” बाबा हेडफोनमध्ये पुटपुटले, “सोड ते बटन.”

आत्याला ऐकू येणं शक्यच नव्हतं. ती गुड्डूच्या सातवी-आठवीपर्यंत पोचली होती.

खरं तर काट्याशिवाय उतरणं मला येत होतं. शिकवताना मॅडम आपला रुमाल त्या काट्यावर टाकत आणि म्हणत, ‘नाक कुठे आहे बघ, आवाज ऐक, दांडी हातात जड लागते की हलकी ते बघ.’ फक्त तेव्हा पुढे मॅडम असायच्या, बाबा नसायचे.

मी वळसा घेतला आणि पट्टीच्या दिशेनं खाली येऊ लागले. सगळं ठीक. नाक ठीक, आवाज ठीक. शेवटच्या क्षणी बाजूनं डोकावले आणि पाहते तर पट्टीच्या मधोमध रंगीबेरंगी काहीतरी उभं! ती आत्या होती. एका हातात रेडिओ, दुसऱ्या हातात ओवाळायचं ताट. भाऊ परत येतोय म्हटल्यावर ती सामोरी आली होती. मागे ओळीनं बाकी सगळे.

मी जोर देऊन विमान पुन्हा वर घेतलं. खालून हेडफोनमध्ये आरोळी आली, “अव, थांबलीच नाई! गुड्डू, थांबाले सांग ना तिले!”

“स्टॉप घेतला नाई तू,” बाबा म्हणाले. त्यांच्या धंद्यात हा गुन्हा आहे.

दुसऱ्या फेरीत मी वरून पाहिलं, मॅडम दोन्ही हात पसरून सगळ्यांना कोंबड्यांसारखं बांधावर हाकत होत्या. पट्टी मोकळी झाली. मी पुन्हा पट्टीच्या रेषेत आले. बोडी मागे पडली. आता इंजिनाचा जोर काढून घ्यायचा, आणि विमान हळूच गवतावर बसवायचं. मी जोर काढला. इंजिनाचा आवाज उतरला.

आणि विमानाचं नाक एकदम डावीकडे गेलं.

मी उजवा पेडल दाबून सरळ केलं. पुन्हा डावीकडे! वारा? वारा नव्हता. मी बाजूनं वाकून पाहिलं. इंजिनाचा आवाज उतरला की पंचवीस वर्षांत बाबांचा पाय जे करत आला होता, तेच करत होता. बाबा क्लच दाबत होते. सगळ्या जोरानं. आणि डावा हात गिअर शोधत माझी दांडी हलवत होता.

“बाबा, पाय काढा!”

“गिअर तं पाडा लागन ना! उतारानं उतरून राह्यलो आपन!”

“गिअर नाहीये, बाबा!”

“असं कसं नाई? तू मांगून पाहून राह्यली, तुले दिसत नसन. मले दिसून राह्यलं, थोडं डावीकडे घे, आन् हे...”

“बाबा, चूप बसा!! हात मांडीवर! पाय मागे! एक शब्द बोलायचा नाही!”

हे कोण ओरडलं ते मला कळायला थोडा वेळ लागला. आवाज ओळखीचा नव्हता. बाबांचे हात मांडीवर गेले, पाय खुर्चीखाली गेले, आणि ते शाळेतल्या पोरासारखे ताठ बसले. विमान सरळ झालं. गवतावर टेकलं, उडालं, टेकलं, पुन्हा थोडं उडालं, आणि मग कंटाळून खालीच राहिलं. थांबलं तेव्हा समोर एक गाय होती. ती चरतच राहिली.

इंजिन बंद केलं. माणसं धावत आली. आत्यानं बाबांना खाली उतरवायच्या आधीच ओवाळलं. मॅडम सरळ डाव्या पंखाकडे गेल्या, काडी काढली, तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “उतरवलंस चांगलं. बाकीचं उद्या बोलू.” दुसऱ्या दिवशी त्या काय बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

“पिंके, खराब झालं का काई?” आत्यानं विचारलं. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

“नाही आत्या,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

बाबा खाली उतरले, गवतावर दोन-चार पावलं चालले, जीपपर्यंत गेले, तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, संपलं. वेगाचा काटा बंद, स्टॉप चुकवला, तीनदा आपटलं, आणि वर बापाला चूप बस म्हटलं. गुजरात राहू दे, आता मला मोटारसायकलची किल्लीही मिळणार नव्हती. अनोळखी आजोबाही माझ्याकडे कीव केल्यासारखे बघत होते.

“बाई,” बाबा आत्याला म्हणाले, “इनं मले चूप बस म्हटलं.”

आत्यानं तोंडावर हात ठेवला. आई माझ्याकडे बघू लागली. मी गायीकडे.

“गाडी चालवून राह्यलो तवापासून मले गाडीत कोनं चूप बस म्हटलं नाई. पोलिसानं बी नाई.”

“सॉरी, बाबा.”

“सॉरी काऊन?” बाबा वळले. “मले का विमानाचं भेव होतं?”

“होतं!” आत्या म्हणाली.

“थोडंसं होतं. पन रात्रभर झोप नाई आली ते त्याच्यानं नाई. मले वाटे, हे पोरगी परमुलखात जाईन. कोनी काई बी काम लावन, हे मान खाली घालून करन. कोनी चुकीचं सांगतलं तं बी आयकून घेईन.” त्यांनी बॉनेटवर थाप मारली. “आज पायलं. कामाच्या टायमाले बापाले बी सोडत नाई. लाव फोन त्याइले.”

आईनं डोळे पुसले. रफीक चाचांनी टाळी वाजवली. अनोळखी आजोबांनी विचारलं, मूलची गाडी कधी सुटेल?

मी तिथेच, गवतावर उभी राहून फोन लावला आणि ‘येते’ म्हणाले. पलीकडच्या साहेबांना दोनदा ‘मोठ्यानं बोला’ म्हणावं लागलं, पण ते जाऊ द्या.

आता मी गुजरातमध्ये आहे. बाबा जीपमधल्या प्रत्येक सवारीला सांगतात की आपली पोरगी कोणाचं ऐकून घेत नाही, साक्षात बापाला दरडावते. मीही तसं ठरवूनच आले होते. पहिल्या सकाळी क्लबच्या कॅन्टीनवाल्या काकांनी माझ्यासमोर चहा ठेवला. मी चहा पीत नाही, जन्मात कधी प्यायलेली नाही. सध्या दिवसाला पाच कप होतात.